पुलावरचा माणूस आणि टपालवाल्याचा शर्ट

दि. ९ मार्च, दुपार. यंत्राला तेल घातलं. टपालवाल्याचा शर्ट परत आला, काजं बायकांच्या कपड्यांसारखी उलट्या बाजूला पडली आहेत. गोष्टीचं शेवटचं प्रकरण बाकी. वन्सं डोळ्यांच्या ऑपरेशनला नाहीच म्हणतात.

एवढं लिहून वहिनीने रोजनिशी मिटली.

नणंद-भावजय, दोघीही विधवा, पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. यंत्र वहिनीचं, काज-बटणं वन्संची. वन्संचे हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून वहिनी मधूनमधून यंत्र थांबवून इंग्रजी रहस्यकथा वाचायची आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायची. कुठलंसं परकं शहर, धुकं, काळी नदी. वहिनीच्या तोंडून तिथला इन्स्पेक्टर खुन्यालाही ‘अहो’ म्हणे.

"तिथं आपलं कुणी राहत नाही," वन्सं म्हणायच्या, "खुशाल मरू देत. आपली झोप मोडत नाही."

आज मात्र त्या शर्टाकडे बघायलाच तयार नव्हत्या.

"तुझाच दोष. तुझ्या गोष्टीत पुलावर तो माणूस इन्स्पेक्टरच्या मागे लागला, माझा जीव टांगणीला. हात चुकणार नाही तर काय?"

वहिनीने शर्ट मांडीवर पसरला. "वन्सं, पूल त्या दिवशी संध्याकाळी वाचला. हा शर्ट तुम्ही सकाळी केलात. तेव्हा इन्स्पेक्टर दाढी करत होता."

"मग?"

"दाढीत जीव टांगणीला लागण्यासारखं काय होतं?"

वन्संनी सुईत दोरा ओवायचं नाटक केलं. दोरा सुईच्या शेजारून गेला. दुसऱ्यांदाही गेला.

"पकडलंस हो," त्या शेवटी म्हणाल्या. "काजाची पट्टी कुठली ते दिसलंच नाही. काजं अंदाजाने केली."

"मग ऑपरेशन करून घ्या ना."

"आणि बिघडलं तर? तुझ्या त्या शहरात कितीही अंधार असला तरी शेवटच्या पानावर कुणीतरी दिवा लावतो. इथं डॉक्टर नुसता म्हणतो, बघू."

वहिनी शर्टाची चुकलेली पट्टी उसवू लागली. नवऱ्याच्या आजारात तीही हेच पुस्तकांमध्ये शोधत होती, हे ती कधी बोलली नव्हती. आजारी नवऱ्याच्या खोलीत काय होणार ते कळत नसे, तेव्हा निदान पानातलं तरी कळावं.

"दिवा मी लावीन म्हणत नाही," ती म्हणाली. "पण दवाखान्यात बाकावर बसेन. गोष्टीचा शेवट तुम्ही घरी आल्यावर. तोवर खुनी मलाही माहीत नाही."

"खोटं! तू चोरून वाचशील. इंग्रजी तुलाच येतं, मला नाही."

"शपथ."

"शपथा खुनीही घेतात." वन्संनी सुई रिळात खोचली. मग म्हणाल्या, "शुक्रवारी जाऊ. पण पुस्तकाला कुलूप."

संध्याकाळी वहिनीने दुपारच्या ओळींखाली लिहिलं:

शर्टाला नवी पट्टी लावली. पुस्तक कपाटात. किल्ली वन्संकडे.