ऑपरेशनच्या आधी येणारी खुर्ची

डॉ. शरयू खांबेटे यांची आणि आमची ओळख भांडणाने झाली. भांडली माझी आई. मी जयपूरच्या एका कंपनीत संगणक अभियंता. शहराबाहेर चौमूच्या रस्त्यावर गाडी उलटली, मणका मोडला आणि कमरेखालचं काही कळेनासं झालं. आई साताऱ्याहून धावत आली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरबाईंनी इस्पितळात माझ्या खाटेशी चाकांची खुर्ची आणून ठेवली.

"अगं बाई, काय हे अभद्र!" आई कडाडली. "आधीच पांगळी ठरवली माझ्या पोरीला?" आणि तिने खुर्ची ढकलत व्हरांड्यात नेऊन सोडली.

बाई स्वतः गेल्या, खुर्ची परत आणली आणि तिच्यातच बसल्या. "आई, मोडलेला मणका मी स्क्रू लावून घट्ट करीन. आतली चिरडलेली नस माझ्या हातात नाही. मणका घट्ट झाला की हिला लवकर बसवता येईल. पडून राहिली तर पाठीला जखमा होतील, छाती भरेल. उद्याचं ऑपरेशन हिला या खुर्चीत बसवण्यासाठी आहे."

"आणि चालायचं?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण कामावर धाडीन, हे नक्की."

बाकी सगळे नुसतं 'सब ठीक हो जाएगा जी' करत होते. मला बाईंचा भयंकर राग आला, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा धीरही आला.

खुर्ची आधी, ऑपरेशन मग, ही त्यांची रीतच आहे. सहकारी नाकं मुरडतात, नातेवाईक शिव्या घालतात, बाई ढिम्म! ऑपरेशन झाल्यावर आईने पुढे केलेले साताऱ्याचे कंदी पेढेही त्यांनी परत केले. "टाके शिंपीही घालतो. ही कामावर गेली की खाईन."

आई मला गावी न्यायला निघाली होती. "इथं कोण बघणार गं तुला?" बाईंनी थांबवलं. खाटेवरून खुर्चीत सरकताना मी आपटले, तरी त्या कुणाला उचलू देत नसत. "चिडलीयेस ना? मग ती चीड दंडात उतरव!" कंपनीने गोड बोलून 'घरीच विश्रांती घ्या' म्हटलं, तेव्हा त्या माझ्यासोबत ऑफिसात आल्या आणि त्यांनी साहेबांना विचारलं, "ही डोक्याने काम करते की पायांनी?" साहेबांनी मला पुन्हा रुजू करून घेतलं.

पाय परत आले नाहीत. नाहीच आले! पण मी जयपुरातच जवाहर नगरात एकटी राहते, रोज कामावर जाते आणि रविवारी बाईंच्या वॉर्डात नव्या रुग्णांशी बोलते.

गेल्या दसऱ्याला आई आली होती. तिने खुर्ची लखलखीत धुतली, चाकांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि बाईंना जेवायला बोलावलं. पेढ्यांचा डबा पुढे केला. बाईंनी दोन खाल्ले, तिसरा पर्समध्ये टाकला.

बाई, आता तुमची साठी झाली. 'आराम करा' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मुळीच ऐकू नका! तुमची पाठ ताठ राहो, हात स्थिर राहोत, शंभरी गाठा आणि तोवर असंच सगळ्यांशी भांडत राहा. उद्या पुन्हा कुणाची तरी आई खुर्ची बाहेर ढकलेल. तेव्हा तुम्ही उठू नका. मला हाक मारा, खुर्ची आत घेऊन मी येते.