उजव्या हाताचं धोरण

नवऱ्याची ओसाकाला बदली झाली तेव्हा मी एकच ठरवलं होतं, की घरी बसून राहायचं नाही. संख्याशास्त्राची पदवी आणि तोडकंमोडकं जपानी एवढ्या भांडवलावर मला एका व्यावसायिक बेसबॉल क्लबच्या डेटा विभागात नोकरी लागली. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मुलाखतीत मी तसं स्पष्ट सांगितलं, तर समोरची मंडळी खूश होऊन म्हणाली, उत्तम, म्हणजे तुमचे पूर्वग्रह नाहीत. भारतीय माणसाला गणित जन्मतःच येतं हा त्यांचा स्वतःचा पूर्वग्रह मात्र शाबूत होता, आणि त्यावर माझं पोट चालणार असल्यामुळे मी तो खोडून काढला नाही.

काम होतं हौशी खेळाडू निवडण्याचं. शाळा-कॉलेजांतून खेळणाऱ्या मुलांपैकी कोणाला क्लबात घ्यायचं, हे वर्षभर चालतं. ही पद्धत समजायला मला अजिबात वेळ लागला नाही, कारण हे सरळसरळ स्थळं बघणं होतं. स्काउट लोक गावोगाव जाऊन मुलगा बघून येतात. घरचे कसे आहेत, शिक्षकांचं मत काय, पूर्वी काही दुखापत झाली होती का, अशी चौकशी करतात. मुलगा अजून उंच होईल का हे ठरवायला त्याच्या आईला नखशिखांत न्याहाळतात. कांदेपोह्यांचे कार्यक्रम मी स्वतः सोसलेले असल्यामुळे माझी सहानुभूती कायम मुलाकडच्यांना असे.

एवढं सगळं झाल्यावर ऑक्टोबरात सगळे क्लब एका हॉटेलात जमतात आणि आपापली पहिली पसंती जाहीर करतात. याला ड्राफ्ट म्हणतात. एकाच मुलाला दोघातिघांनी मागितलं, तर चिठ्ठ्या टाकतात. पेटीत बंद पाकिटं, एकात शिक्का मारलेला कागद, बाकीची कोरी. वर्षभराचे दौरे, व्हिडिओ, माझी मॉडेल्स, सगळं शेवटी एका पेटीत हात घालून संपतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझं जपानी कच्चं आहे.

आमच्या क्लबातर्फे पेटीत हात घालायचे ते मुख्य प्रशिक्षक. त्यांना इथे कांतोकु म्हणतात, आणि नावाने कोणी हाक मारत नाही. साठीचे, एके काळचे नावाजलेले डावखुरे पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज. आल्यापासून दर वर्षी त्यांची चिठ्ठी कोरी निघाली होती. मॅचेस आम्ही भरपूर हरायचो, पण त्याबद्दल त्यांना कोणी बोलल्याचं मी ऐकलं नाही. चिठ्ठीबद्दल मात्र अध्यक्षांनी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं, की यंदा शिक्का आला तर करार वाढेल, नाहीतर कांतोकुंनी घरी आराम करावा. कांतोकुंनी वाकून नमस्कार केला. मला अध्यक्षांचा भयंकर राग आला. माझी मुलगी डावरी आहे हे कळल्यावर या माणसाने आपणहून तिच्यासाठी डावऱ्यांचा छोटा ग्लोव्ह पाठवला होता. त्या ऑफिसात मला मुलगी आहे हे लक्षात ठेवणारे ते एकटेच.

मी मीटिंगमध्ये माझा हिशोब मांडला. ज्या शाळकरी पिचरवर सगळ्यांचा डोळा आहे त्याला मागूच नका. एका कॉलेजात एक कॅचर आहे, आपल्या विकेटकीपरसारखा. दिसायला ओबडधोबड, पण कामाचा, आणि त्याला पहिल्या फेरीत कोणी विचारणार नाही. त्याला मागा, चिठ्ठीची वेळच येणार नाही. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिठ्ठीच नाही, तर मग आपण टीव्हीवर दिसणार कसे?" मी लॅपटॉप मिटला.

सप्टेंबर होता. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती झाला होता, आणि तळणीचे मोदक मी डब्यात भरून आणले होते. मीटिंग संपल्यावर एकेकाला देत निघाले. कांतोकुंनी डावा हात पुढे केला आणि मी डबा झटकन मागे ओढला. "उजवा हात!" मी खेकसले, आणि तेही मराठीत. घरी रोज जेवताना व्हिडिओ कॉलवरून सासूबाई नातीला हेच सांगतात, आणि त्यांच्यामागून मी सांगते. तोच सूर जसाच्या तसा बाहेर पडला. कांतोकुंना शब्द एकही कळला नाही, पण त्यांनी शाळकरी मुलासारखा हात बदलला.

"आत्ता काय झालं?" स्काउट विभागाच्या प्रमुखांनी विचारलं.

मी ओशाळून सांगितलं, की हा देवाचा प्रसाद आहे, आणि आमच्याकडे शुभ वस्तू डाव्या हातात घेत नाहीत. बोलता बोलता मला दिसलं, की प्रमुखांचं मोदक चावणं थांबलं आहे.

"चिठ्ठी शुभ असते का?" ते म्हणाले.

मग ते कांतोकुंकडे वळले.

"कांतोकु, आजवर तुम्ही कोणत्या हाताने काढली?"

"डाव्या," कांतोकु अगदी हळू आवाजात म्हणाले.

पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पहिलाच विषय होता, उजव्या हाताचं धोरण. जबाबदारी माझ्यावर. मी जीव तोडून सांगितलं, की गणितात उजवा-डावा नसतो. प्रमुख म्हणाले, तुमचा विनय आम्हाला माहीत आहे. मग रोज दुपारी जेवणानंतर सराव सुरू झाला. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडलं, आत तीन पाकिटं टाकली. कांतोकु बाह्या सरसावून उजवा हात घालायचे, आणि जितक्यांदा शिक्का यायला हवा साधारण तितक्यांदाच यायचा. प्रमुखांनी आलेख मागितला. मी काढून दिला.

"किती स्थिर आहे!" ते भारावून म्हणाले. "आणि डाव्याचा?"

"तोही असाच येईल."

"मग तो आपण काढू नये."

डाव्या हाताला सक्तीची विश्रांती देण्यात आली. दार उघडायचं ते उजव्याने, छत्री उजव्यात. स्टेशनच्या गेटवर कार्ड उजव्यानेच टेकवायचं. डावा हात खिशात ठेवून हिंडणाऱ्या कांतोकुंना काही दुखापत झाली आहे, अशी बातमी एका क्रीडा दैनिकात आली. क्लबाने खुलासा केला नाही, कारण धोरण गुप्त होतं. मला हसू यायचं आणि मग लगेच वाटायचं, अगं बाई, त्या माणसाची नोकरी आहे ही.

ड्राफ्टच्या दिवशी आम्ही ऑफिसात टीव्हीसमोर बेंतोचे डबे घेऊन बसलो. प्रमुख हॉटेलात जायला धजावले नाहीत, ते आमच्यातच बसले. त्या पिचरला तीन क्लबांनी मागितलं. चिठ्ठी काढायच्या क्रमात आम्ही शेवटचे. पहिल्या क्लबाने पाकीट उचललं, दुसऱ्याने उचललं; उघडायची मात्र तिघांनी एकदमच. आता पेटीत एकच पाकीट उरलं.

"उरलेल्यात भाग्य असतं म्हणतात," प्रमुख पुटपुटले.

"आता हात कोणताही घातला तरी चालेल," मी म्हटलं. "एकच तर आहे आत."

"आताच तर चालणार नाही!" ते ओरडले.

कांतोकुंनी उजवा हात पेटीत घातला. क्षणभर तसेच उभे राहिले. मग तो हात रिकामाच बाहेर काढला, आणि सगळ्या जपानसमोर डावा हात घालून पाकीट काढलं. प्रमुखांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी फक्त प्रसूतिगृहात ऐकला होता. कागद कोरा होता.

थोड्या वेळाने दुसऱ्यांदा नाव द्यायची वेळ आली, तेव्हा आमच्या क्लबाने त्या ओबडधोबड कॅचरचं नाव दिलं. इतर कोणालाच तो नको होता. म्हणजे मी सुचवलेलाच मुलगा घेतला, फक्त आधी हरून घेतला. माझं अभिनंदन कोणी केलं नाही. अपयशाची कारणमीमांसा झाली आणि एकमताने एकच कारण निघालं, डावा हात. पेटीत एकच पाकीट होतं याकडे मी लक्ष वेधलं, तेव्हा सगळ्यांनी माझे आभार मानले. कांतोकुंचा करार वाढला नाही.

दिवाळीचे बेसनाचे लाडू घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा ते खोकी भरत होते. मी डबा उघडला. त्यांनी मुकाट्याने उजवा हात पुढे केला. मी डबा मागे ओढला.

"आता काय चुकलं?" ते घाबरून म्हणाले.

"आधी सांगा, त्या दिवशी हात का बदललात?"

ते खोक्यावर बसले. म्हणाले, "लहानपणी आई चॉपस्टिक्स उजव्या हातात द्यायची. लिहायचा ब्रशही उजव्यातच. डावा पुढे आला की फटका. बॉल तेवढा घराबाहेर फेकायचा असतो. तिथे आई नसायची." मग स्वतःशीच हसले. "पेटीत एकच पाकीट दिसलं. म्हटलं, आता आई बघत असली तरी काय करणार आहे?"

मला एकदम रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी जरा जोरातच म्हणाले, "डावा!" पुन्हा मराठीत. या वेळी त्यांना बरोबर कळलं. मी त्या हातावर दोन लाडू ठेवले.

संध्याकाळी मुलगी वरणभात जेवत होती. कपाटाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून सासूबाई म्हणाल्या, "उजव्या हाताने गं, बाळा." मी फोन उचलला आणि वरणाच्या पातेल्याकडे तोंड करून ठेवला.

"अगं, मला काही दिसत नाहीये," त्या म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं, आणि मुलीला आणखी भात वाढला.