आईला काय कळतंय!

दवाखान्यात आठ दिवस काढले की किस्से शोधावे लागत नाहीत, पदराला कुसळं चिकटावीत तसे चिकटतात. आमची तनू चार वर्षांची, हर्नियाचं ऑपरेशन होतं. पुरुषोत्तमनगरहून नंदुरबारला येताना एक वही घेतली होती, गोळ्यांच्या वेळा लिहायला. भरली भलत्याच गोष्टींनी!

*

पहिला दिवस, ओपीडी. तनूच्या जांघेत गाठ यायची. रडली की वर, शांत झाली की गायब. डॉक्टर बघेपर्यंत गायबच! "कुठाय गाठ? उगाच घाबरता. आईला काय कळतंय!"

सासूबाई पुढे झाल्या आणि तनूच्या दंडाला असा चिमटा काढला, की तिने भोंगाच लावला. गाठ टम्म वर!

"हाई देख, भाऊ!"

*

सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. "इथे सही करा."

मी वाचायला लागले. बेशुद्ध करायचा धोका लिहिला होता, तिथे माझं बोट थांबलं.

"किती शिकलात?"

"सातवी."

"मग कशाला वाचत बसता?" त्यांनीच पान उलटलं!

अहो, सातवीपर्यंत वाचायलाच तर शिकवतात!

*

शेजारच्या खाटेवर डोंगरातल्या मोलगी गावची एक बाई, तिच्याही मुलीचं ऑपरेशन. तिला मराठी येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, "उद्या हिला काही खायला देऊ नका." ती नुसती बघत राहिली. मग ते ओरडून बोलले. मग आणखी जोरात. अहो, ती बहिरी नव्हती, मोलगीची होती! शेवटी बिचारीने मान हलवली.

सकाळी तिने लेकीला भाकर चारली. ऑपरेशन रद्द. वर बोलणी तिलाच! आणि फरशी पुसणाऱ्या मावशी रोज तिच्याशी तिच्याच पावरी बोलीत गप्पा मारायच्या. त्यांना एका शब्दाने कुणी विचारलं नाही.

*

राऊंडला डॉक्टर सात-आठ शिकाऊ पोरं घेऊन आले. तनूचा फ्रॉक वर करून दहा मिनिटं इंग्रजीत बोलले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हने तो?"

सिस्टर म्हणाल्या, "आजी, ते तुमच्यासाठी नाही."

"मंग पोर कोनी शे? तुन्ही का आम्हनी?"

*

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तनूच्या मांडीवर काळ्या पेनाने बाण काढला आणि काही न बोलता निघून गेले. सकाळी सिस्टर म्हणाल्या, "साबण लावून स्वच्छ अंघोळ घाला." जंतू राहायला नकोत म्हणून मी दोनदा घासलं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात डॉक्टर थांबले. तनू औषधाने पेंगुळलेली, गाठ गायब.

"बाण कुणी पुसला?"

"मी. कशाचा होता ते सांगितलं होतं का कुणी?"

त्यांनी फाइल उघडली. एका पानावर उजवी बाजू, दुसऱ्या पानावर डावी. भलतीकडेच कापलं असतं माझ्या लेकीला!

डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. "आई, गाठ कोणत्या बाजूची हो?"

इतक्या दिवसांत, उत्तर ऐकायचं म्हणून मला विचारलेला पहिला प्रश्न! मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी मला मागे सारलं.

"तू गप ऱ्हाय. तुले काय समजस!"

आणि दोन बोटांचा चिमटा करून त्या तनूच्या दंडाकडे वाकल्या.