ट्यूटरबाईंनी नापास केलेलं पत्रक

अमरावती-अकोला गाडीचा कंडक्टर ‘मूर्तिजापूर!’ ओरडतो ना, तशा आमच्या ट्यूटरबाई ‘कॅन्सर!’ म्हणायच्या. डॉक्टरही जो शब्द दाराआड पुटपुटत, तो साऱ्या वॉर्डाला ऐकू जाई. मेट्रन दचकायच्या. “नाव घेतल्यानं कोनी मरत नाई,” बाई म्हणायच्या, “लपवल्यानं मरते.”

मुंबईला वर्षभर याच रोगाची शुश्रूषा शिकून त्या आमच्या अमरावतीच्या नर्सिंग शाळेत आल्या, तेव्हा मेट्रननी विचारलं, “इथं कुठं आहेत असे पेशंट?”

“हायेत ना. पदराखाली हायेत.”

लाजेपायी बाया मरू देणाऱ्या समाजाला याहून सभ्य शब्दांत कोणी झोडपलं नसेल.

गाठ ओळखायला त्यांनी शिकवलं ते कणकेतून. मेसच्या कणकेच्या गोळ्यात तुरीचा दाणा लपवायचा, आम्ही डोळे मिटून तो बोटांनी शोधायचा. एकदा स्वयंपाकीण ओरडत आली, “बाई, पोळीत दाणा निंगाला!”

“गोळा कोनाचा होता? तिले नापास.”

गोळा माझा होता.

माझा भरवसा पत्रकांवर. नर्सिंगला येण्याआधी गावातल्या सभांची पत्रकं लिहून हात तयार झालेला. मी लिहिलं, “भगिनींनो, उठा! कर्करोगरूपी राक्षसाचा संहार करा!” कर्क म्हणजे खेकडा, म्हणून वर हा मोठा खेकडा काढला. बाई म्हणाल्या, “हे वाचून रोग भिईन. बाई काहून येईन?” मी चिडले, आणि आमच्या वलगावात ते घरोघर वाटलंच.

महिन्याभरानं बाईंना घेऊन तपासणीला गेले. गावातली एकही बाई पुढं येईना. शेवटी माझी काकूच म्हणाली, “आता काय तपासता? तुयं चित्र पाहून साऱ्या गावानं केकडे खानं सोडलं!”

बाई काकूच्या ओसरीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग एकदम थांबल्या. काकूनं डावा हात अंगापासून जरा दूरच धरला होता.

“चाल काकू, मले तुयं घर दाखव.”

आतून काकूचा आवाज आला, “पोळ्याच्या सणापासून हाय गाठ. दुखत नाई, मंग कोनाले काय सांगू?”

नागपूरला ऑपरेशन झालं. बाई रजा काढून उशाशी राहिल्या. आता पत्रक लिहिणार नाही, असं मी रडत म्हटलं, तर म्हणाल्या, “लिव. पन काकूले इचारून लिव.”

काकू वाचली. पुढचं पत्रक तिचंच: “दुखत नव्हतं म्हनून मी चूप राहिली. तुमी राहू नका.” राक्षस घालू का, मी विचारलं. बाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

त्या खेपेला वलगावात बायांची रांग ओसरीबाहेर गेली. मी दारात उभी राहून मोजत होते.

“पाहून काय राहिली?” बाई आतून ओरडल्या. “हात धू आन् ये.”