भेगाबाईंची लाल नोटीस

कागदावर त्यांचं पद 'निरीक्षण सहायक' असं होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीबाहेर कोणाच्या तोंडी कधी आलं नाही. त्या रस्त्यावर सगळे त्यांना भेगाबाईच म्हणत. तोंडावर 'बाई', पाठ फिरली की 'भेगाबाई'.

जुनी रेल्वे आणि नवी मेट्रो जिथे एकमेकींना भेटणार होत्या, तिथे जमिनीखाली चार मजले खोल खड्डा खणायचं काम चाललं होतं. खड्ड्याच्या कडेला तीन मजली इमारतींची एक रांग होती. त्या इमारतींच्या भिंतींना गेलेल्या भेगा रोज मोजायच्या, एवढंच बाईंचं काम. प्रत्येक भेगेवर दोन पारदर्शक पट्ट्या एकमेकींवर बसवलेल्या असत, एकीवर बारीक चौकटी आणि दुसरीवर तांबडी फुली. एक पट्टी भेगेच्या या बाजूला चिकटवलेली, दुसरी त्या बाजूला. भिंत सरकली की फुली चौकटींवरून सरकायची. किती मिलिमीटर सरकली ते वाचायचं आणि लिहायचं. दोनपर्यंत हिरवा, पाचपर्यंत पिवळा, पाच ओलांडले की लाल. लाल आला की खोदाई बंद, असा नियम.

असल्या पट्ट्यांच्या एकोणसाठ जोड्या होत्या, म्हणजे एकोणसाठ वेळा दार वाजवायचं. कोणाची भेग पलंगामागे, कोणाची न्हाणीघरात. बाई चपला बाहेर काढत, पलंग स्वतः ओढत, गुडघे टेकून भिंग लावत आणि लोकांचं ऐकून घेत.

"रोज येऊन नुसतं बघून जाता. भिंतीची नाडी बघता की काय?" तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर विचारत.

"आकडा वर पाठवते, मास्तर."

"वर म्हणजे कुठे? आमच्या वर तर गच्चीच आहे."

आणि ऑफिसात गेलं की साहेब म्हणत, "लोकांशी फार बोलत बसू नका. घाबरतात ते." इकडे आड, तिकडे विहीर.

मास्तरांच्याच इमारतीत तळमजल्यावर एक शिवणवाल्या काकू राहत. समोरच्या खोलीत दोन मशिनं, मागे संसार. नवरा गेल्यापासून त्यांनी त्याच दोन मशिनांवर घर ओढलं होतं. बाईंना पाणी विचारणारं ते एकच घर. काकूंच्या पट्टीचा नंबर सतरा. ती भेग दाराच्या चौकटीपासून निघून छतापर्यंत गेली होती. पहिल्या महिन्यात फुली एकावर आली, तिसऱ्या महिन्यात तीनवर, आणि मग एका आठवड्यात एकदम साडेपाचवर.

बाईंनी तीन वेळा वाचलं आणि धावतच ऑफिस गाठलं.

साहेबांनी कागद हातात घेतला. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांखाली काळं झालं होतं, टेबलावर दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते. "दुपारी वाचलंत ना? उन्हानं भिंती फुगतात. उद्या सकाळी परत वाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई काकूंच्या दारात. साडेपाच.

"मग पट्टी नीट चिकटलेली नसणार," साहेब म्हणाले. "नवी लावा."

बाईंनी नवी पट्टी लावली. नवी पट्टी म्हणजे फुली मधोमध, म्हणजे शून्य. दुसऱ्या दिवशी आकडा आला अर्धा मिलिमीटर. हिरवा! ऑफिसच्या भिंतीवरच्या नकाशात सतरा नंबरचा ठिपका रात्रीतून पिवळ्याचा हिरवा झाला आणि लाल व्हायचा राहूनच गेला.

बाईंनी जुना साडेपाच आणि नवा अर्धा मिळवून सहा लिहिले. कॉम्प्युटरनं ते घेतले नाहीत. 'कालचा आकडा शून्य. नोंद तपासा.' परत भरले, परत तेच. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "जुन्या पट्टीचा रकानाच नाही, बाई. मी काय करू?"

"अहो, पण भिंत तीच आहे ना!"

"भिंतीचा रकाना नाही. पट्टीचा आहे."

बाईंनी साहेबांना पत्र दिलं. मग साहेबांच्या साहेबांना दिलं. तिसरं सुरक्षा विभागाला. पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्याचं उत्तर आलं नाही, दुसऱ्यावर 'योग्य कार्यवाहीसाठी' असा शिक्का बसून ते पहिल्याच साहेबांकडे परत आलं, आणि तिसऱ्याचं उत्तर आलं ते असं, की सतरा नंबर हिरव्या गटात असल्यामुळे प्रश्न उद्भवत नाही.

"तू आकडा दिलास, झालं तुझं काम," घरी त्यांचा नवरा म्हणाला. तो छापखान्यात होता, शब्द जुळवायचा आणि अर्थाच्या भानगडीत पडायचा नाही. "सगळ्या गावाचा भार तुझ्या एकटीच्या डोक्यावर आहे का?"

"तुम्ही ती भिंत बघितलेली नाही."

"आणि तू काय इंजिनिअर आहेस?"

बाईंना राग आला, आणि तो खरं बोलला याचाच जास्त आला. खरंच त्या इंजिनिअर नव्हत्या. मोजणीच्या ऑफिसात वीस वर्षं नकाशे गिरवलेली बाई. बारीक रेघ दिसायची नजर होती, त्या रेघेचा अर्थ सांगायचा अधिकार नव्हता.

आठ दिवसांनी नवी पट्टी दोनवर आली, म्हणजे भिंत खरी साडेसातवर. त्या सकाळी काकूंनी दार उघडलं तेच खांदा लावून. "सुतारानं दोनदा खालून रंधा मारला, तरी अडतंय. आणि वरती बघा." वरती दार आणि चौकट यांच्यामध्ये बाईंची दोन बोटं सहज गेली.

बाई तिथेच काकूंच्या स्टुलावर बसल्या. मग उठून ऑफिसात गेल्या, कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचलं. चौथ्या पानावर लिहिलं होतं, की जिवाला तातडीचा धोका दिसल्यास निरीक्षण करणाऱ्यानं इमारतीवर लाल नोटीस लावावी. खाली 'परवानगी घेऊन' असं कुठेही नव्हतं. नोटिसांचा गठ्ठा त्याच कपाटात होता, त्याची दोरीसुद्धा कोणी सोडली नव्हती.

अकरा वाजता बाईंनी इमारतीच्या दारावर नोटीस चिकटवली आणि खाली सही केली. सही वाकडी आली.

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका. एकवीस कुटुंबं शाळेच्या सभागृहात हलवली. खोदाई थांबली. साहेब धावत आले, बाईंना बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "मला एक फोन करायचा!"

"तीन पत्रं दिली होती, साहेब."

"पत्रं वेगळी आणि फोन वेगळा!"

आठ दिवस मशिनं इमारतीच्या पायाखाली सिमेंटचं पातळ पाणी दाबत राहिली. चार तज्ज्ञ आले, टोप्या घालून फिरले. नवव्या दिवशी लोक परत आपापल्या घरी आले.

घर पडलं नाही. छताचा टवकासुद्धा उडाला नाही.

आणि तिथेच बाईंचं नशीब फिरलं. पडलं असतं तर लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. चौकशी बसली आणि चौकशीत विचारलं ते एवढंच, की हिरव्या गटातल्या इमारतीवर लाल नोटीस का लावली. बाईंनी जुनी पट्टी, नवी पट्टी, साडेपाच आणि दोन, सगळं समजावून सांगितलं. समितीनं मान हलवली आणि लिहिलं, 'हेतू चांगला, पद्धत चुकीची.' बाईंना तिथून काढून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कामावर पाठवलं. पुढे फॉर्मात जुन्या पट्टीचा रकाना आला, पण तो साहेबांच्या सूचनेवरून आला असं परिपत्रकात होतं.

हे सगळं बाईंनी गिळलं असतं. जिव्हारी लागलं ते काकूंचं बोलणं. निरोप घ्यायला गेल्या तर काकूंनी पाणी विचारलं नाही. मशीन चालूच ठेवून म्हणाल्या, "शाळेचे साठ गणवेश होते माझ्याकडे. आठ दिवस मशिनाला हात लावता आला नाही. शाळेनं दुसरीकडे दिले. दरवर्षीचं गिऱ्हाईक गेलं."

"काकू, भिंत..."

"भिंत उभी आहे, बाई. बघताय ना."

दार आता अलगद लागत होतं. बाईंनी ते स्वतःच ओढून घेतलं.

दीड वर्षानं स्टेशन सुरू झालं. भाषणात सांगितलं, की एवढं मोठं काम झालं पण शेजारच्या एकाही घराला धक्का लागला नाही. बाईंनी ते घरी रेडिओवर ऐकलं. त्यांचा चेहरा बघून नवऱ्यानं रेडिओच बंद केला.

नव्या कामावर जाताना बाईंना रोज तिथेच गाडी बदलावी लागते. वरच्या फलाटावरून खालच्यावर जायला तीन सरकते जिने, त्यातला एक कायम बंद. त्या बंद जिन्याच्या पायऱ्या उतरताना एकदा खालून चढत येणारे मास्तर भेटले. दोघंही दम खायला थांबले.

"एक विचारू का, बाई?" मास्तर म्हणाले. "रागावू नका. ते सिमेंट घातलं नसतं, तर पडलं असतं का हो आमचं घर?"

इतके दिवस बाईंनी या प्रश्नाची उत्तरं मनात घोळवली होती. भांडणाची, रडण्याची, पुराव्यासकट.

"माहीत नाही, मास्तर. आता कोणालाच कळायचं नाही."

मास्तरांनी थोडा विचार केला. "तसं असेल तर शाळेतल्या त्या आठ रात्रींवरून बायको उगाच तुम्हाला शिव्या घालते," ते म्हणाले. "सांगेन तिला. ऐकायची नाही, पण सांगेन."

खालून गाडीचा आवाज आला. मास्तर कठड्याला धरून वर गेले आणि बाई उलट्या दिशेनं खाली उतरू लागल्या, कारण त्यांची गाडी खालच्या फलाटावर लागणार होती आणि नव्या रस्त्यावर चौऱ्याहत्तर दारं वाजवायची होती.