दुसऱ्यांदा दाबला की लागणारा ब्रेक

लॉरी चालवायला मला एका पंजाबी हवालदाराने शिकवलं, आणि वेताच्या छडीने शिकवलं. लढाईच्या अखेरच्या दिवसांत मी बदलापूरजवळच्या आमच्या पाड्यावरून कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात मजुरीला जात होतो. अंगाने दणकट होतो, म्हणून त्याने मला निवडलं. तो छडी घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसायचा. वळताना खिडकीतून हात काढला नाही की छडी खांद्यावर, क्लचवर उगाच पाय राहिला की गुडघ्यावर, बैलगाडीला खेटून गाडी काढली की कानावर. दोन महिन्यांत मी डाव्या कुशीवर झोपू शकत नव्हतो, पण रस्त्यावर माझी चूकही होत नव्हती.

त्याने शेवटची गोष्ट सांगितली ती मात्र छडी न उगारता. गाडीखाली माणूस आला तर थांबायचं नाही, सरळ पोलीस चौकी गाठायची, कारण लोक जिवंत ठेवत नाहीत. त्याने असा थांबलेला एक ड्रायव्हर पाहिला होता. त्याचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लढाई संपली, मिलिटरी गेली, आणि त्याच बराकींत सिंधमधून आलेले लोक राहायला आले. हळूहळू त्या वस्तीला उल्हासनगर म्हणायला लागले. आम्ही आपले कॅम्पच म्हणायचो. जिथून पूर्वी फक्त मिलिटरीच्या गाड्या धावायच्या, त्या रस्त्याला लागून आता चुली पेटत होत्या, खाटा पडत होत्या, बायका पापड वाळत घालत होत्या. तीन नंबर कॅम्पाच्या एका वळणावर तर बराकी रस्त्याच्या एका अंगाला आणि पाण्याचा नळ दुसऱ्या अंगाला होता. सगळी वस्ती दिवसभर बादल्या घेऊन रस्ता ओलांडायची. तिथे पाटी नव्हती, पोलीस नव्हता, आणि आम्हा ड्रायव्हरांना वेग कमी करा असं कोणी सांगितलंही नव्हतं.

मी तेव्हा अंबरनाथच्या एका ठेकेदार शेठकडे होतो. मिलिटरीने मोडीत काढलेली त्यांची लॉरी मी चालवायचो. बदलापूरच्या भट्ट्यांवरून विटा भरायच्या आणि कॅम्पात बांधकामावर टाकायच्या, असं रोजचं काम. त्या लॉरीचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की नुसताच खाली जायचा. दुसऱ्यांदा दाबला की थोडा धरायचा, तिसऱ्यांदा नीट लागायचा. मी शेठना तीनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, दुसऱ्यांदा दाबला की लागतो ना, मग लागतोच. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला की शेठनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि मी तीच गाडी रोज बाहेर काढत राहिलो. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गाडी बाहेर काढणारा हात माझाच होता.

त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. गाडी विटांनी गच्च भरलेली होती. वळणाच्या आधी उतार आहे. एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. कॅरियरला बिस्किटांचा पत्र्याचा डबा बांधलेला होता आणि चार पावलं मागे त्याची बायको बादली घेऊन येत होती. मी हॉर्न दिला. त्याने वर पाहिलं आणि सायकल पुढे रेटावी की मागे ओढावी याच्यात अडकला. मी ब्रेक दाबला, तो खाली गेला. पुन्हा दाबला, गाडी जराशी अडखळली. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा तो पुढच्या चाकाखाली होता. आधी पत्रा चेपल्याचा आवाज आला, मग दुसरा आवाज. तो आवाज ओल्या फांदीचा होता, एवढंच सांगतो.

गाडी दहा-पंधरा पावलांवर उभी राहिली. पुढे रस्ता मोकळा होता. इंजिन चालू होतं, माझा पाय अॅक्सिलेटरवर गेलाही होता. हवालदाराचं बोलणं आठवलं नाही असं नाही. मागे वळून पाहिलं तर तो माणूस कोपरांवर सरपटत सायकलीकडे निघाला होता, आणि पाय त्याच्याबरोबर येत नव्हता. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरलो. धैर्य वगैरे काही नव्हतं. पाय आपोआप खाली आले.

पहिला तडाखा दुधाच्या किटलीचा बसला, कपाळावर. त्यानंतर कोण कुठून मारतंय ते कळेना. कोणीतरी खाटेचा खूर उपटून आणला होता. तो बरगडीवर बसला आणि श्वास घेता येईना. मी खाली पडलो तेव्हा त्यांनी माझ्याच गाडीतल्या विटा घेतल्या. एका विटेने समोरचे दोन दात गेले, दुसरीने डाव्या कानाच्या मागे फुटलं. त्या कानाने मला आजही कमी ऐकू येतं. एक चष्मेवाला म्हातारा माझ्या छातीवर बसून चपलेने तोंडावर मारत होता. मारता मारता तो रडत होता आणि सिंधीत सारखं काहीतरी बोलत होता. मला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तो माझ्याशी बोलत नव्हता एवढं कळत होतं. तो मागे कुठेतरी राहून गेलेल्या कोणाशी बोलत होता. मी हात जोडायचा प्रयत्न केला, तर एकाने हातावर पाय दिला.

मी मेलो असतो. तेवढ्यात ती बाई गर्दीत घुसली. सायकलवाल्याची बायको. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने भरले होते. तिने म्हाताऱ्याला खांद्याला धरून बाजूला ढकललं, खाटेचा खूर उगारलेल्या माणसाच्या कानशिलात दिली, आणि माझे केस धरून मला उठवून बसवलं.

"मारना बाद में," ती म्हणाली. "पहले ये गाडी चलाएगा."

उगारलेले हात खाली आले. त्या गर्दीत दुसऱ्या कोणालाच लॉरी चालवता येत नव्हती.

तिने आपल्या ओढणीने नवऱ्याची मांडी आवळून बांधली होती. चौघांनी त्याला उचलून माझ्या शेजारी आडवा केला, डोकं तिच्या मांडीवर. खाटेचा खूर घेतलेला माणूस माझ्या बाजूच्या पायरीवर चढला. माझा एक डोळा मिटला होता आणि तोंडातलं रक्त सारखं गिळावं लागत होतं. कोणीतरी पुढे हँडल मारून इंजिन चालू केलं आणि आम्ही कॅम्पाच्या दवाखान्याकडे निघालो. मी गाडी दुसऱ्या गियरच्या वर नेलीच नाही, हॉर्नवरचा हात काढला नाही. पायरीवरचा माणूस जोरात चालव म्हणून खांद्यावर खुराचे तडाखे देत होता. दोन-तीन सोसले. मग मी त्याला सांगितलं की ब्रेक नाहीये, जोरात नेली तर अजून माणसं जातील.

मारणं थांबलं. त्या बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुझे मालूम था?"

"हां," मी म्हणालो.

तिने मान फिरवली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर नीट धरलं. नवरा शुद्धीवर होता आणि बिस्किटांचा डबा कुठे आहे म्हणून विचारत होता.

त्याचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. मला पोलिसांनी दवाखान्यातूनच नेलं. दोन दिवसांनी शेठनी जामिनावर सोडवलं आणि वकिलासमोर बसवून काय बोलायचं ते पाठ करून घेतलं. सायकलवाला आडवा घुसला, मी रस्त्याच्या डाव्या बाजूने हळू येत होतो, गाडी ठीकठाक होती. मी हे पाठ करत होतो तोवर गाडी खरंच ठीकठाक झाली होती. अपघाताच्याच दुपारी मिस्त्रीने ब्रेक खोलून आतलं एक रबर बदललं होतं. अर्ध्या तासाचं काम.

मी घरी बायकोला सगळं सांगितलं. तिने सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग म्हणाली की तुम्ही तुरुंगात गेलात तर मी वांगणीला आईकडे जाऊन राहीन, माझी काळजी करू नका.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दुपारी मी शेठच्या वाडीत जाऊन सांगितलं की मी खरं बोलणार. वाडी म्हणजे गाड्या उभ्या करायचं अंगण. शेठनी आधी समजावलं, मग शिव्या दिल्या, आणि मग लॉरीचं हँडल उचलून माझ्या मनगटावर घातलं. बरगड्या अजून दुखत होत्या, तरी मी ते हँडल त्यांच्या हातातून हिसकावलं आणि त्यांच्या खांद्यावर मारलं. गळ्याजवळचं हाड मोडल्याचं हाताला कळलं. ते खाली बसले. मी पुन्हा हँडल उगारलं. तेव्हा मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं, आणि अजून दोन-चार घाव घातले तर आणखी बरं वाटेल हेही ठाऊक होतं. मिस्त्रीने मागून कवेत धरलं म्हणून ते घडलं नाही. विटा घेऊन धावलेल्या त्या लोकांबद्दल माझ्या मनात जो राग होता तो त्या दुपारी गेला. त्यांच्या हातात काय होतं ते माझ्या हाताला समजलं होतं.

शेठनी त्याची तक्रार केली नाही. केली असती तर भांडण कशावरून झालं ते सांगावं लागलं असतं.

कोर्टात मी सांगितलं की ब्रेक पहिल्या दाबाला लागत नव्हता, मला माहीत होतं, मालकाला माहीत होतं, आणि तरी मी गाडी काढली. मॅजिस्ट्रेटने लिहिणं थांबवून विचारलं की हे बोलल्याने तुझं नुकसान होईल हे तुला समजतं का. मी म्हणालो, समजतं. ती बाईही साक्षीला आली होती. तिने फक्त एवढंच सांगितलं की हा पळाला नाही. शेठनाही बोलावणं गेलं, पण त्यांच्या वकिलाने ब्रेक ठीक असल्याचा मिस्त्रीचा दाखला पुढे केला आणि ते सुटले. मला तीन महिन्यांची शिक्षा झाली, लायसन्स जप्त झालं.

तुरुंगातलं लिहिण्यासारखं फार नाही. सुटल्यावर आठवड्याभराने मी कॅम्पात गेलो. तो माणूस बराकीच्या तोंडाशी लाकडी फळीवर बिस्किटं मांडून बसला होता, कुबडी शेजारी. मी समोर उभा राहिलो. त्याने मला ओळखलं नसतं, त्याने मला नीट पाहिलंच कधी होतं. बाईने त्याला सिंधीत काहीतरी सांगितलं. तो फळी धरून उठला, कुबडी उलटी धरली आणि माझ्या नडगीवर मारली. मग पुन्हा त्याच जागी. तिसऱ्यांदा मारताना तोल जाऊन तो माझ्याच अंगावर आला. मी त्याला काखेत धरलं, नाहीतर दोघेही बिस्किटांवर पडलो असतो. तो खूप हलका झाला होता. मी त्याला बसवलं. तो धापा टाकत म्हणाला, "अब जा." मी गेलो. बाई मधे पडली नाही, आणि तिने पडू नये असंच मला वाटलं.

पुढची काही वर्षं मी अंबरनाथला एका गॅरेजमध्ये ब्रेकचंच काम केलं. लायसन्स परत मिळालं तेव्हा दुसऱ्या एका मालकाची लॉरी धरली. अट एकच घातली, सकाळी गाडी मी तपासणार आणि मी नाही म्हटलं तर ती निघणार नाही. मालक सरळ माणूस होता, त्याने मान्य केली.

आणि पुन्हा त्याच वळणावरून जायची वेळ आली. उतारावरून पाहतो तो रस्त्याच्या मधोमध ती बाई उभी, एक हात वर केलेला, दुसऱ्या हातात जाड सोटा. तिच्या मागून बायका बादल्या घेऊन नळाकडे चालल्या होत्या. सगळ्या ओलांडून गेल्या तेव्हा ती बाजूला झाली आणि जाताना माझ्या गाडीच्या बॉनेटवर एक सोटा हाणला. सगळ्याच गाड्यांना हाणायची म्हणे. तिने माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही.

तिच्या नवऱ्याचा पाय गेल्यापासून ती रोज सकाळी नळाच्या वेळेला तिथे उभी राहायची, हे मला नंतर कळलं. कोणी नेमलं नव्हतं. न थांबणाऱ्या गाडीच्या काचा तिने फोडल्या होत्या. एकदा एका टांगेवाल्याने घोडा न आवरता तिच्या तोंडावर चाबूक ओढला, तर बराकीतल्या बायकांनी त्याला टांग्यातून खाली ओढून असा बडवला की त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. ते भांडण चौकीपर्यंत गेलं, चौकीतून कॅम्पाच्या ऑफिसात गेलं, आणि शेवटी उतारावर 'सावकाश' म्हणून पाटी लागली. सकाळ-संध्याकाळ एक शिपाईही उभा राहायला लागला.

शिपाई तरुण होता, नवी शिट्टी घेऊन आलेला. पहिल्या दिवशी त्याने तिला अदबीने सांगितलं की बाई, आता तुम्ही घरी बसा, हे सरकारी काम आहे. तिने त्याला विचारलं की तू जेवायला किती वाजता जातोस. तो म्हणाला, बाराला. "ठीक है," ती म्हणाली, "बारा बजे मैं आऊँगी." त्यानंतर मी त्या रस्त्याला होतो तोवर दुपारची गाडी ती अडवायची, आणि आम्ही सगळे थांबायचो.