मागाच्या भिंतीला ब्ल्यू-रे

"आवाजच न्हाय की ओ तुमच्या डिस्कला! उचलून न्या ही सगळी खोकी!"

कबनूरहून अण्णांचा फोन. मी कोल्हापुरात होम थिएटर बसवून देतो. अण्णांचा यंत्रमागाचा कारखाना, आणि थिएटरची खोली कारखान्याच्या भिंतीला चिकटून. फिटिंग केलं तो कारखान्याच्या सुट्टीचा दिवस होता. तेव्हा खूश होऊन अण्णांनी स्वतः मला मटण वाढलं होतं.

गेलो. माग धडधडत होते. खोलीत पाय ठेवला आणि सगळा उलगडा झाला.

"अण्णा, ह्या ब्ल्यू-रे डिस्कचा आवाज दाबलेला नसतो," मी ओरडून सांगितलं. "कुजबुज ती कुजबुज, स्फोट तो स्फोट. टीव्हीवाले दोन्ही एका मापाचे करतात. इथं कुजबुज ऐकायची तर खोली शांत पाहिजे. पिच्चर बघताना माग बंद ठेवा."

कारखाना पेटवा म्हटल्यासारखे अण्णा माझ्याकडं बघायला लागले.

"खुळं हायसा काय ओ? उद्या कुरुंदवाडचं पावणं घर बघायला येणार हायती. थोरल्याचं जमत आलंय. माग बंद दिसलं की धंदा बसला म्हणतील. पोरगी कोण देतंय मग?"

"मग थिएटर बंद ठेवा."

"आन् गावभर सांगून बसलोय, त्याचं काय करू?"

थोरला दारात उभा होता. आधीची स्थळं फिसकटलेली. त्याच्या तोंडाकडं बघून मलाच कसंतरी झालं.

स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरला नाइट मोड असतो. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून मोठा आवाज खाली आणतो, बारीक आवाज वर उचलतो. म्हणजे एवढ्या भारी साउंडचं पार पिठलं! तोंडात आलेली शिवी गिळली आणि भर दुपारी नाइट मोड लावला. कानात कुजबुजणारी हिरॉईन भाजी मंडईत भांडल्यासारखी बोलायला लागली.

"आत्ता कसं!" अण्णा खूश.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत फोन. "जमलं ओ! साखरपुडा धरला!"

लई बरं वाटलं, खरंच. "थिएटर कसं वाटलं पाव्हण्यांना?"

"थिएटर व्हय? जरा वेळ बसलं बघत. मग पोरीचा बाप म्हणाला, ते पिच्चर बंद करा आन् पलीकडं काय वाजतंय ते दाखवा."

आता फिटिंगला गेलो की मापाची टेप काढायच्या आधी मी एकच विचारतो: पाव्हण्यांना नक्की काय ऐकवायचंय?